तलावावरचं ऊन

किशोरी घरतला इंजिनिअरिंगला घालायचं ठरलं तेव्हा भोकरखारात दोन-चार घरांनी नाकं मुरडली होती. ठरवलं ते तिच्या भावानं, निकेशनं. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरातला शब्द निकेशचाच चालायचा. मामा म्हणाला, नर्सिंगला घाला, लगेच नोकरी लागते. निकेश म्हणाला, "तिचं डोकं गणितात चालतं. तिला जे पायजे ते शिकू दे." पनवेलच्या कॉलेजात प्रवेशाच्या दिवशी तो स्वतः बुलेटवरून तिला घेऊन गेला, खिडकीपाशी रांगेत उभा राहिला, आणि शाखेचं नाव आलं तेव्हा कारकुनाला म्हणाला, "एनर्जी सिस्टिम्स. नीट लिवा, इलेक्ट्रिकल नाय."

गावात मात्र ती शिकतेय काय हे कुणालाच धड कळलं नाही. बुधाजी म्हात्रे नावाचे शेजारी तर भेटले की विचारायचे, "काय गो, खांबावर चढायला शिकवला का अजून?" किशोरी हसायची. ती त्यांना सांगायची की वीज कशी तयार होते, कुठून कुठं जाते, कुठं वाया जाते, ती साठवायची कशी, एखाद्या गावाला नेमकी किती लागते, या सगळ्याचा मेळ घालायला आम्ही शिकतो. बुधाजी मान हलवायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा खांबाचंच विचारायचे.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय तिला शोधावा लागला नाही. तो घराच्या मागच्या दारी होता. भोकरखारचा तलाव. खाडीच्या बांधाला लागून पसरलेलं मोठं पाणी, त्यात जिताडा मासा, त्यात कोलंबी. तलावाची मासळी गावातल्या बायकांचा बचत गट काढायचा आणि गटाची प्रमुख होती किशोरीची आई, जनी. पहाटे जाळी ओढायची, टोपल्या भरायच्या आणि टेम्पोनं पनवेलच्या बाजारात न्यायच्या. बर्फ उरणहून यायचा, तो दुपारपर्यंत वितळायचा, आणि मग गिऱ्हाईक जे देईल त्यात जिताडा सोडून द्यावा लागायचा. आईचा हा चडफडाट किशोरी लहानपणापासून ऐकत आली होती.

तिनं प्रोजेक्टला घेतलं ते एवढंच: तलावाच्या एका कोपऱ्यात पिंपांवर तरंगणारी सौर पॅनेलं लावायची आणि त्या विजेवर काठाशी दिवसभर बर्फ करायचा. महागड्या बॅटऱ्या नकोत. ऊन असताना बर्फ साठवून ठेवला की रात्री तोच कामाला येतो. खाली पाणी असल्यामुळे पॅनेलं तापत नाहीत, वीज जरा जास्तच मिळते. तिच्या गाईड मनिषा मॅडमना कल्पना आवडली. कॉलेजनं पॅनेलं दिली. आणि पिंपं कुणी आणली? निकेशनं. नुसती आणली नाहीत, बर्म्युडा चढवून तो छातीभर पाण्यात उतरला, दोर बांधले, सांगाडा ओढत नेला. वर आल्यावर चिखलानं माखलेला, दात तेवढे पांढरे. "घे तुझा कारखाना," म्हणाला.

काठावर बसवलेल्या बर्फाच्या पेटीत पहिला बर्फ धरला त्या दिवशी बायका बघायला जमल्या. जनीनं बर्फाचा तुकडा उचलून गालाला लावला आणि सगळ्या हसल्या. मग रोजच कुणी ना कुणी येऊ लागलं. शेजारच्या गावांतूनही माणसं आली. निकेश त्यांना पेटी उघडून दाखवायचा, अभिमानानं सांगायचा, "आमच्या किशूनं केली."

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी निकेश तिला म्हणाला, "सभेत तू बोल. तुझ्या तोंडून लोकांना पटेल. पुढं मोठं करायचं झालं तर गावाचा ठराव लागतोच ना?"

किशोरी आजवर चार माणसांसमोर उभी राहून बोलली नव्हती. पण त्या दिवशी शाळेच्या पटांगणात ती बोलली आणि छान बोलली. आईच्या टोपलीतल्या वितळलेल्या बर्फाचं सांगितलं. कोपऱ्यातल्या पॅनेलांनी काय होतं ते सांगितलं. पुढं सगळ्या गटाला पुरेल अशी थंड खोली बांधता येईल, उरलेली वीज शाळेला आणि पाण्याच्या पंपाला देता येईल, असं सांगितलं. बुधाजींनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मग सरपंच काशीराम पाटलांनी ठराव वाचला: तलाव सौर प्रकल्पासाठी द्यायला गावाची हरकत नाही. हात वर झाले. बायकांच्या बाजूनं तर एकही हात खाली राहिला नाही. ठरावात कोपऱ्याचा उल्लेख नव्हता, थंड खोलीचा नव्हता. किशोरीनं तो दोन्ही कानांनी ऐकला आणि तिला काही वाटलं नाही. ती आनंदात होती. निकेशनं तिच्या पाठीवर थाप मारली.

जानेवारीत कॉलेजात एका सोलर कंपनीच्या अधिकाऱ्याचं व्याख्यान होतं. विश्वजीत नाव, वयानं फार मोठा नाही, बोलायला मोकळा. पोरांना असा माणूस आवडतो. त्यानं राजस्थानातले प्रकल्प दाखवले, धरणांवरचे दाखवले, आणि मग म्हणाला, "आता तुमच्या अगदी बाजूचा एक दाखवतो. लवकरच काम सुरू होतंय."

पडद्यावर आभाळातून काढलेला फोटो आला. किशोरीशेजारी तिची मैत्रीण दिपिका बसली होती. तिनं कोपर मारलं. "ए, हा तुमचा तलाव ना गं?"

तलाव होता, पण पाणी नव्हतं. म्हणजे चित्रात पाण्याचा थेंब दिसत नव्हता. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत निळी-काळी पॅनेलं दाटीनं बसवलेली. तिथून एक लाल रेघ निघून गावाला वळसा घालून थेट द्रोणागिरीच्या गोदामांकडे गेली होती.

"वीज इथल्या गोदामांना जाणार," विश्वजीत सांगत होता. "टेक्निकली यात अवघड काही नाही. अवघड असतो लोकल सपोर्ट. जमीन म्हणा, तलाव म्हणा, गाव अडून बसतं. पण इथं आमच्या लोकल पार्टनरनं कमाल केली. गावातलीच इंजिनिअरिंग शिकणारी एक मुलगी त्यानं ग्रामसभेत उभी केली. ती बोलली आणि एका सभेत ठराव मिळाला. एकही विरोध नाही. हे पुस्तकात शिकवत नाहीत, बरं का."

पोरं हसली. ती उभी कधी राहिली ते तिलाही कळलं नाही.

"सर, तलावातल्या मासळीचं काय?"

"कुठली मासळी?"

"बायका काढतात ती. सगळं पाणी झाकलं तर ऊन आत जाणार नाही. शेवाळ वाढणार नाही, पाण्यातला ऑक्सिजन कमी होईल. मासे मरतील."

"त्याचा अभ्यास होईल," विश्वजीत म्हणाला. "पण रिपोर्टप्रमाणे तलाव फारसा वापरात नाही."

"आणि गावाची थंड खोली?"

"ते आमच्या कामात येत नाही." मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "थांब थांब. तू त्या गावची? निकेशभाऊंची बहीण? अरे, मग ती मुलगी तूच! मित्रांनो, हिच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत."

आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकांवरून कुणी शिट्टीही मारली. टाळ्या थांबेपर्यंत किशोरी तशीच उभी होती. मनिषा मॅडम मात्र टाळी वाजवत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या, मग किशोरीकडे.

उरण रस्त्यावर निकेशचं ऑफिस होतं. पत्र्याची केबिन, बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आत एसी. जागांचे व्यवहार जमवून द्यायचे हा त्याचा धंदा. किशोरी रिक्षातून उतरून तडक आत गेली. तो फोनवर होता. तिला बघून त्यानं फोन ठेवला.

"अरे, तू इथं? चहा सांगू?"

"दादा, लोकल पार्टनर म्हणजे तू?"

निकेशनं टेबलावरचं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "कोन भेटला?"

"विश्वजीत. आमच्या कॉलेजात येऊन सगळ्यांसमोर सांगून गेला, मला कशी उभी केली ते."

"बस आधी."

"मी बसायला नाही आले. सगळा तलाव? एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत? आईला माहितीय?"

"आईला मी सांगनारच होतो." त्यानं खुर्ची मागं सरकवली. "किशू, आई अजून किती वरीस चिखलात उतरनार? गुडघे बघितलेस तिचे? आज ना उद्या तलाव जानारच हाय. कुनीतरी भराव टाकील, गोदाम बांधील. त्यापेक्षा पानी तरी राहतंय ना खाली? गावातल्या पोरांना कामं मिलतील. वॉचमन, साफसफाई."

"मग हेच सभेत सांगायचं होतंस. तू उभा राहायचंस. मला कशाला उभी केलीस?"

"मी सांगितला असता तर ऐकला असता कोनी? दलाल म्हनतात मना. तुझं तसं नाय."

"तू माझ्या तोंडून खोटं बोलवून घेतलंस."

"नाय," निकेश शांतपणे म्हणाला. "तू एक शब्द खोटा नाय बोललीस. अगदी मनापासून बोललीस. म्हनून तर लोकांनी ऐकला."

एसीचा आवाज चालू होता. बाहेरून कंटेनर गेला, केबिनचा पत्रा थरथरला. एक प्रश्न विचारायची किशोरीला भीती वाटत होती. तरी तिनं विचारला.

"मला शिकायला पाठवलंस ते यासाठी?"

"येडी का काय?" निकेश एकदम उठला. त्याचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. "तवा असलं काय डोक्यात पन नवता."

"मग कधी आलं डोक्यात?"

खोटं सांगता आलं असतं, पण बहिणीशी तो तेवढं तरी खरं बोलला. "तुझी पेटी चालू झाली आन् लोक बघायला यायला लागले तवा."

म्हणजे पिंपं बांधायला तो छातीभर पाण्यात उतरला, तो तिचा दादा होता. आणि चार दिवसांनी त्याच काठावर उभं राहून गावोगावच्या माणसांना पेटी उघडून दाखवणारा आणखी कुणीतरी होता. त्या दोघांमधला बदल तिच्या डोळ्यांदेखत झाला होता आणि तिला तो दिसला नव्हता. ती वळली आणि चालायला लागली. निकेशनं मागून हाक मारली, गाडीनं सोडतो म्हणाला. ती थांबली नाही.

घरी जनी पडवीत बसून जाळ्याची भोकं सांधत होती. किशोरीनं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. जनीचा हात मध्येच थांबला. मग तिनं मान वर केली.

"तुना म्हायती नवता?"

"आई!"

"नाय, इचारलं," जनी म्हणाली. "गावात चार दिवस कुजबुज चाललीय. मना वाटला, दोगां मिलून केलाव."

किशोरीला रडू आलं नाही. दादानं केलेलं तिला अजून नीट कळायचं होतं, त्यावर हे नवीन येऊन बसलं. आपली आई चार दिवस आपल्याकडे बघत होती, जेवायला वाढत होती आणि मनात हे घेऊन होती. तिनं उठून तोंड धुतलं आणि बाहेर पडली.

पुढचे दिवस ती बचत गटाच्या एकेका घरी गेली. काही बायकांनी पाट दिला, काहींनी दारातूनच ऐकलं. "तू बोललीस म्हनून आमी हात वर केला," असं जवळजवळ प्रत्येक घरात तिला ऐकावं लागलं. तिनं कुठंही स्वतःची बाजू मांडली नाही. तलावाचं चित्र कागदावर काढलं, सगळा झाकला तर पाण्याचं काय होईल ते समजावलं, वीज कुठं जाणार ते सांगितलं. एका वर्षात मासळी संपेल की दोन वर्षांत, एवढंच सांगता येत नाही, असंही कबूल केलं. मनिषा मॅडम एका दुपारी तिच्याबरोबर आल्या आणि पाण्याचे नमुने घेऊन गेल्या. शेवटी बायकांनी सह्या करून विशेष ग्रामसभा मागितली.

सभेला पटांगण भरलं. निकेश पुढच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. तो आधी बोलला आणि चांगला बोलला. पोरांच्या नोकऱ्या, कंपनी बांधून देणार तो रस्ता, देवळापुढची शेड. तरुण पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग किशोरी उठली. तिनं तोंड उघडायच्या आत बुधाजी म्हात्रे उभे राहिले.

"एक सांग पोरी. तवा खरी बोलत होतीस का आता?"

पटांगणात हशा पिकला. किशोरीनं तो ओसरू दिला.

"तेव्हाही खरंच बोलले होते, काका. पण तेव्हा मला जेवढं दाखवलं होतं तेवढंच मला दिसत होतं. ठराव तुम्ही ऐकलात तसा मीही ऐकला. इंजिनिअर होणार होते, मी विचारायला हवं होतं, किती तलाव, कुणाची वीज. नाही विचारलं. कारण ठराव माझ्या भावानं आणला होता."

निकेशनं मान खाली घातली नाही. तो समोर बघत राहिला. कुणीतरी ओरडलं, "घरची भांडणं घरी!" पण बायकांच्या बाजूनं जनी उठली. ती कधी सभेत बोलायची नाही. "तलाव आमी राखलाय," एवढंच म्हणाली. "आमाला इचारा." आणि हात वर करून उभी राहिली. मागोमाग सगळ्या उठल्या. काशीराम पाटलांना हात मोजावे लागले, पुन्हा मोजावे लागले, आणि ठराव रद्द झाला.

किशोरीला वाटलं, संपलं. पण जनी अजून उभीच होती.

"आनखी एक लिवा," ती सरपंचांना म्हणाली. "तलावावर कसलाच सोलर नको. मोठा नको आन् बारका पन नको. जे हाय ते काढा."

"आई, माझी पॅनेलं कोपऱ्यात आहेत," किशोरी खालच्या आवाजात म्हणाली. "त्यानं काही होत नाही. बर्फ मिळतो आपल्याला."

"म्हायती हाय मना." जनीनं तिच्याकडे पाहिलं नाही. "पन दार उगडा ठेवला की कोन आत येतंय त्ये आपल्या हातात नाय ऱ्हात. येकदा बघितला ना आता."

पुन्हा हात वर झाले. तेच हात, त्याच बायका.

पॅनेलं किशोरीनं स्वतः काढली. दिपिका मदतीला आली, दोघी कंबरभर पाण्यात उतरून दोर सोडत बसल्या. काठावरून बायका बघत होत्या. पेटी ओसरीवर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवसापासून टेम्पोत पुन्हा उरणचा बर्फ. जे यंत्र चांगलं चाललं होतं, जे बायकांना हवं होतं, ते काही बिघाड नसताना बंद पडलं, हे परीक्षेला आलेल्या बाहेरच्या प्राध्यापकांना काही केल्या पटेना. "तांत्रिक दोष काय होता?" त्यांनी तीनदा विचारलं. "दोष नव्हता सर," किशोरी म्हणाली. "विश्वास उरला नाही." त्यांनी काहीतरी लिहिलं. ती पास झाली. मार्कही बरे पडले.

घरात निकेश आणि ती एका वेळी जेवत, बोलत नसत. निकेशला ते फार दिवस झेपणारं नव्हतं. मे महिन्यात एके दुपारी तो हसत घरी आला, कोकमाचं सरबत मागून घेतलं आणि तिच्यासमोर बसला.

"झालं गेलं सोड किशू. कंपनीला मानूस पायजे. शिकलेला, इथलाच. विश्वजीत सर सोताहून तुझं नाव घेतात. म्हनतात, तुझ्यासारखी पोरगी पायजे. पगार बघितलास तर—"

"कुठल्या कामाला?"

"नेऱ्याच्या बाजूला डोंगराखाली एक तलाव बघितलाय. भोकरखारपेक्षा बारका, पन जमेल. लोक सादे हायत."

तो अगदी मनापासून बोलत होता. बहिणीसाठी भेट आणल्यासारखा. त्याच्या चेहऱ्यावर कुठं लाज नव्हती, कारण आपण काही हिरावून घेतलं असं त्याला वाटतच नव्हतं. किशोरीनं फक्त गावाचं नाव विचारलं. त्यानं ते खुशीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपिकाची स्कूटी घेऊन ती नेऱ्याकडे निघाली. पनवेल मागं पडलं, फार्महाऊसांच्या भिंती संपल्या, मग शेतं आणि समोर डोंगर. तलाव सापडायला वेळ लागला नाही. पलीकडच्या काठावर एक म्हातारा बैल धूत होता आणि अलीकडे बायका धुणं धूत होत्या. त्यांतली एक, हिरव्या लुगड्यातली, हात पुसत पुढं आली.

"कोन पायजे, बाय?"

"कुणी नाही, काकी. मी भोकरखारची. या तलावाबद्दल थोडं बोलायचं होतं."

बाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि तोंडभर हसली. "म्हन्जे निकेशभाऊची भैन तू! त्यो बोलून गेलाय ना आमाला. म्हनला, माजी इंजिनेर भैन येऊन समदा समजावून सांगंल. कदी येतीस याचीच वाट बघत होतो." आणि वळून तिनं बाकीच्यांना हाक मारली, "अगो या गो, आली ती!"

बायका धुणं टाकून यायला लागल्या. कुणी कडेवर पोर घेऊन, कुणी ओले हात पदराला पुसत. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर विश्वास होता, तिला न ओळखताच. किशोरी स्कूटीला धरून उभी होती. उलट्या पावली निघून जावं असं तिला क्षणभर वाटलं. मग तिनं चपला काढल्या आणि चिंचेखालच्या दगडावर बसली.

"सगळ्यांना येऊ द्या," ती म्हणाली. "आधी निकेशभाऊबद्दल सांगायचंय. तलावाचं मग."